मेटाबोलोमिक्सवाल्यांना साकीनाक्याहून

मुंबई आणि आसपासच्या प्रयोगशाळांत कर्करोगाच्या चयापचयाचा अभ्यास करणाऱ्या सर्व शास्त्रज्ञांस,



साकीनाक्याजवळ अंधेरी-कुर्ला रोडवर एक खासगी निदान केंद्र आहे, तिथे मी एमआरआय टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, पीएचडी नाही. माणसाला टेबलावर झोपवायचं, त्याआधी किल्ल्या, नाणी, मंगळसूत्र, मोबाइल आणि शर्टाच्या खिशातल्या गुटख्याच्या चमचमत्या पुड्या काढून घ्यायच्या, कॉइल बसवायची, आणि काचेच्या अलीकडून यंत्र चालवायचं, एवढंच माझं काम. पण तुमचं एनएमआरचं यंत्र आणि माझं यंत्र एकाच घराण्यातलं आहे. तुमच्या चुंबकात काचेची बारीक नळी उभी राहते, माझ्या चुंबकात माणूस आडवा होतो. या नात्याच्या जोरावर थोडं स्पष्ट लिहिते आहे, राग मानू नये.

तुमच्या विषयाचं मला अप्रूप आहे, हे आधी सांगते. ऑटो वारबुर्गनं १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये पाहिलं, की गाठीच्या पेशी भरपूर प्राणवायू असतानाही ग्लुकोज अर्धवटच वापरतात आणि लॅक्टेट मागे टाकतात. आज पेट स्कॅन होतो तो याच साखरेच्या हव्यासावर. पण पेट स्कॅन साखर कुठे गेली एवढंच सांगतो. तिचं पुढे काय झालं, ते चुंबकीय अनुनादानं कळू शकतं.

माझ्यासमोर हे क्वचित घडतं, पण घडतं. एखादे न्यूरोसर्जन चिठ्ठीवर ‘एमआर स्पेक्ट्रोस्कोपी’ लिहितात. मग मेंदूतल्या गाठीवर साधारण दोन सेंटिमीटर बाजूचा चौकोनी ठोकळा आखायचा, कवटीची चरबी आणि हवेच्या पोकळ्या टाळून. मग शिमिंग, म्हणजे तिथलं चुंबकीय क्षेत्र एकसारखं करणं, मग पाण्याचा संकेत दाबून टाकणं. तो दाबला नाही तर बाकीच्यांचं ऐकणं म्हणजे संध्याकाळी घाटकोपर मेट्रोच्या जिन्यावर कुणाची तरी कुजबुज ऐकण्यासारखं. काही मिनिटांनी पडद्यावर शिखरं उभी राहतात. २.० पीपीएमवर एनएए, ही निरोगी चेतापेशींची खूण. ३.० वर क्रिएटिन. ३.२ वर कोलीन. पेशींची पटलं भराभर बांधली-मोडली जात असतील तिथे ते चढतं. आणि १.३ वर लॅक्टेट. इको टाइम १४४ मिलिसेकंद ठेवला तर लॅक्टेटचं जोडशिखर रेषेच्या खाली उलटं लटकतं, २८८ ठेवला की सुलटं होऊन वर येतं. चरबीही त्याच जागेच्या आसपास दिसते, पण ती अशी कोलांटी मारत नाही, म्हणून दोघांतला फरक कळतो. कितीही वेळा पाहिलं तरी मला याची मजा वाटते.

तुमच्याकडे तर याच्या कितीतरी पुढची सोय. रक्ताच्या किंवा लघवीच्या एका नळीत डझनावारी रेणू एकदम मोजता येतात, आणि मोजून झाल्यावर नमुना जसाच्या तसा राहतो. मास स्पेक्ट्रोमीटर याहून तीक्ष्ण, पण तो नमुना खाऊन टाकतो. बायोप्सीचा तुकडा न विरघळवता ५४.७ अंशांच्या कोनात गरागरा फिरवून त्याचा वर्णपट काढता येतो. २००९ मध्ये कळलं की आयडीएच नावाच्या जनुकात बिघाड असलेल्या मेंदूच्या गाठी २-हायड्रॉक्सीग्लुटारेट नावाचा रेणू साठवतात, आणि २०१२ पर्यंत तोच रेणू जिवंत माणसाच्या मेंदूत एमआरआयच्या यंत्रानं टिपला गेला. सुरी न लावता जनुकातला बदल दिसला. याला नमस्कारच करायला हवा.

मग तक्रार काय? तक्रार अशी की ज्याचं चयापचय तुम्ही मोजता, तो माणूस तुमच्या कागदांत जवळजवळ कुठेच नसतो. वय, लिंग, गाठीची अवस्था, संपलं. जनुकं बघणाऱ्यांचं एवढ्यावर भागत असेल. माणूस काल काय जेवला यानं जनुक बदलत नाही. चयापचय बदलतं. काय खाल्लं, किती वेळापूर्वी, कशाचा वास छातीत भरला, रात्रपाळी होती का, तोंडात काय होतं, हे सगळं त्या वर्णपटात उतरतं. ते तुम्ही विचारलं नाहीत, तर गाठीचं बोलणं कुठलं आणि साकीनाक्याचं कुठलं हे तुम्ही ओळखणार कसं?

नळीपासून सुरुवात करते. आमच्या केंद्रात रक्तही घेतलं जातं. कधीकधी संशोधनासाठीच्या जास्तीच्या नळ्याही भरल्या जातात. कुणाच्या संशोधनासाठी ते इथे महत्त्वाचं नाही. नळी भरली की मोटारसायकलवाला पोरगा ती पेटीत टाकून निघतो आणि साकीनाका जंक्शनला अडकतो. खैरानी रोडकडून टेम्पो, जरीमरीकडून रिक्षा, वर मेट्रो, खाली आपण सगळे. पेटीत बर्फ असतोच असं नाही. आता तांबड्या पेशींत मायटोकाँड्रिया नसतात, ग्लुकोजचं लॅक्टेट करणं एवढंच त्यांना येतं, आणि नळीत गेल्यावरही त्या ते करतच राहतात. सामान्य तापमानाला तासाला साधारण ५ ते ७ टक्के ग्लुकोज असंच संपतं. म्हणजे रक्तात लॅक्टेट वाढलंय आणि ग्लुकोज घटलंय असं तुम्ही लिहिता तेव्हा त्यात काही वाटा गाठीचा असेल, काही साकीनाका जंक्शनचा. त्यातही निरोगी लोकांचे नमुने प्रयोगशाळेच्याच आवारात घेतले आणि रुग्णांचे शहरभरातून मागवले, तर फरक अगदी नेटका दिसणार. वाहतूक पोलीसही कर्करोगाचा निर्देशक ठरायचा!

माझी पहिली विनंती म्हणूनच अगदी साधी. रक्त किती वाजता काढलं आणि सेंट्रीफ्यूज किती वाजता झालं, या दोन वेळा प्रत्येक नळीवर लिहून घ्या आणि शोधनिबंधात छापा. राखाडी टोपणाची फ्लोराइडची नळी आणि बर्फाची पिशवी यांचा खर्च तुमच्या यंत्रात पडणाऱ्या द्रवरूप हेलियमपुढे काहीच नाही.

स्पिरिटच्या बोळ्याचीही एक गंमत आहे. हात पुसला, सुकू दिला नाही, सुई खुपसली, की १.२ च्या जरा अलीकडे अल्कोहोलचं शिखर उमटतं. आणि अल्कोहोल तर तुमच्या शास्त्राचा मूळपुरुष. १९५१ मध्ये स्टॅनफर्डला अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी इथेनॉलच्या एकाच रेणूतल्या हायड्रोजनची तीन वेगळी शिखरं दाखवली. हायड्रोजन कुठल्या शेजारात बसलाय ते त्याच्या शिखराच्या जागेवरून कळतं, हे त्यातून सगळ्यांना पटलं. त्यातले एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईला आले आणि टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये चुंबकीय अनुनादाचा गट त्यांनी उभा केला. म्हणजे या विषयाचं मुंबईशी नातं जुनं आणि थेट आहे. साकीविहार रोडनं सरळ गेलं की पवईला आयआयटी, तिथल्या यंत्रांवर बाहेरच्यांचे नमुनेही शुल्क घेऊन तपासले जातात. परळला टाटा रुग्णालय १९४१ पासून, खारघरला त्याचंच संशोधन केंद्र. एवढं सगळं एका लोकल-मेट्रोच्या टप्प्यात असलेली शहरं जगात थोडीच असतील. म्हणून तर अपेक्षाही मोठी.

आता प्रश्नावलीकडे येते. अशा एका अभ्यासाच्या मराठी फॉर्मवर एक रकाना होता: ‘उपवास: होय / नाही’. समोर बसलेल्या बाईंनी ‘होय’वर खूण केली होती. सहज विचारलं.

“मावशी, सकाळपासून काही खाल्लं नाही ना?”

“नाही गं. आज संकष्टी.”

“पाणीसुद्धा नाही?”

“पाणी घेतलं की. चहा झाला. आणि खिचडी केली होती साबुदाण्याची, ती थोडी खाल्ली मघाशी.”

साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, वर शेंगदाणे, तूप, चहात साखर. ग्लुकोज चढलेलं, इन्सुलिन चढलेलं, आणि कागदावर मात्र बारा तास रिकामं पोट. याच्या उलट रमजानमध्ये दुपारी येणारी माणसं. पहाटेपासून खरोखर पाण्याचा थेंब नाही. त्यांच्या रक्तात कीटोन चढायला लागलेले असतात आणि ते लॅक्टेटच्या शेजारीच दिसतात. आमच्या भागात संकष्टी, श्रावणी सोमवार, रोजे, छठ, पर्युषण असं वर्षभर काही ना काही चालूच असतं. ‘होय / नाही’त ते मावत नाही. शेवटचं काय खाल्लं आणि किती वाजता, एवढंच विचारा.

खाण्याचंच आणखी एक. समुद्राची मासळी खाल्ली की टीएमएओ नावाचा रेणू वाढतो, आणि तो कोलीनच्या इतका जवळ दिसतो की घाईत नीट वेगळा केला नाही तर एकाचं माप दुसऱ्याच्या खात्यात जाऊ शकतं. मुंबईत बोंबील, सुकट, बांगडा न खाणारं आणि रोज खाणारं घर एकाच मजल्यावर शेजारी शेजारी राहतं. युरोपातल्या लोकांवर बसवलेलं कोष्टक इथे जसंच्या तसं लावताना हे लक्षात घ्यायला नको का?

आणि हवेचं. खैरानी रोडच्या गाळ्यांतून छपाई, पॉलिश, प्लॅस्टिक, लोखंडकाम सगळं चालतं. पोटमाळ्यावर झोपायचं, खाली काम करायचं. दार बंद असलं की थिनरचा वास डोळ्यांत जातो. थिनरमधलं टोल्युइन शरीरात गेलं की त्याचं हिप्युरिक आम्ल होऊन लघवीवाटे बाहेर पडतं. हेच हिप्युरेट तुमच्या लघवीच्या अभ्यासांत वर-खाली होणाऱ्या रेणूंच्या यादीत वारंवार दिसतं. चहानं, फळांनी, सरबतात घातलेल्या बेंझोएटनंही ते वाढतं. तेव्हा काजूपाड्यातला पॉलिशवाला रुग्ण म्हणून घ्यायचा आणि वसतिगृहातला विद्यार्थी निरोगी म्हणून, मग दोघांतला फरक कर्करोगाच्या नावावर मांडायचा, हे बरोबर नाही. तुलनेला त्याच गाळ्यातला, त्याच वयाचा, त्याच कामाचा माणूस हवा. तो मिळतो, अट एवढीच की त्याची रोजी न बुडवता, रविवारी विचारायला यावं लागतं.

तंबाखूबद्दल जरा जास्त लिहिते, कारण इथलं तोंडाचं दुखणं तिथूनच सुरू होतं. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, आणि मघाशी सांगितलेल्या पुड्या माझ्या ट्रेमध्ये रोज जमतात. पण गुटखा वेगळा, चुना लावून मळलेला तंबाखूचा बार वेगळा, मावा वेगळा, आणि बायकांची मिश्री अगदीच वेगळी. ‘तंबाखू खाता का?’ म्हटलं की मिश्री लावणारी बाई ‘नाही’ म्हणते आणि ते खोटं नसतं. ती खात नाही, लावते. सकाळी दात घासायला म्हणून सुरू होतं आणि दिवसातून चार-पाच वेळा हिरड्यांवर बोट फिरतं. पुरुषासमोर तर ती हेही सांगणार नाही. मला सांगतात, कारण मी मंगळसूत्र हातात घेऊन उभी असते. लखनौच्या सेंटर ऑफ बायोमेडिकल मॅग्नेटिक रेझोनन्सनं तोंडाच्या कर्करोगाच्या आणि आधीच्या पांढऱ्या चट्ट्याच्या रुग्णांचं रक्त एनएमआरनं तपासण्याचं काम केलेलं आहे. मुंबईत मिश्रीचं तोंड, माव्याचं तोंड आणि बाराचं तोंड असं वेगवेगळं तपासलंत तर ते जगात दुसरीकडे कुणाला करता येणार नाही.

हे सगळं प्रयोगशाळेचं काम नव्हे, असं तुमच्यातल्या काहींना वाटेल. त्यांना डॉ. वसंत खानोलकरांची आठवण करून देते. टाटा रुग्णालयाचे पॅथॉलॉजिस्ट, सूक्ष्मदर्शकाखाली डोळा लावून बसणारा माणूस. पण १९४५ मध्ये त्यांनी आणि सूर्याबाईंनी लिहिलेल्या निबंधाचा विषयच होता लोकांच्या रीती आणि कर्करोग. धोतराची गाठ कमरेला वर्षानुवर्षं घासून होणारा कर्करोग त्यांनी नोंदवला. तो स्लाइडवर दिसला असेल, पण समजला माणसाच्या कमरेकडे पाहिल्यामुळे. चयापचय मोजणाऱ्यांना याहून चांगला पूर्वज शोधून सापडणार नाही.

आणि लोक साथ देत नाहीत हेही खरं नाही. टाटा रुग्णालयानं १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखाहून जास्त बायकांवर वीस वर्षं अभ्यास चालवला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं स्तनांची तपासणी करत. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. गर्भाशयमुखाची व्हिनेगरनं तपासणी केलेल्या गटात त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तुलनेच्या गटाला तपासणीच दिली नाही यावर वादही झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण घरोघर जाऊन, त्यांच्या भाषेत बोलून, वर्षानुवर्षं त्याच बायकांकडे परत जाता येतं, हे या शहरानं करून दाखवलेलं आहे.

परत जाण्यावरून पुढची तक्रार. रक्त देणाऱ्याला पुढे काहीच कळत नाही. संमतीपत्र मराठीत असतं, पण ते वाचून मलाच घाम फुटतो. कळेल अशा भाषेत समजावून सांगा असं आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतातच. मी म्हणते, त्याच्या पुढे एक पाऊल टाका. अभ्यास संपल्यावर एका पानाचं पत्र पाठवा: तुमचं रक्त कशासाठी वापरलं, काय सापडलं, काय सापडलं नाही. शिखरांचं चित्रही छापा हवं तर. इथली माणसं रिपोर्टची फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गादीखाली जपून ठेवतात, तुमचं पत्रही ठेवतील. आणि काही सापडलं नसेल तर तेही लिहा, लोकांनाही आणि नियतकालिकांतही. चाळीस रुग्णांत चमकलेला निर्देशक पुढच्या दोनशेंत विझला, ही बातमी मला हवी आहे.

बातम्यांचं मात्र आवरा. ‘रक्ताच्या थेंबातून कर्करोग कळणार’ असा मथळा आला की आमच्या काउंटरवर दुसऱ्या दिवशी माणसं येतात. ती टेस्ट आहे का, केवढ्याला, असं विचारतात. गाठ हाताला लागत असताना बायोप्सी टाळून कुणी त्या टेस्टची वाट बघत बसलं, तर त्याचं उत्तर कुणाकडे मागायचं? लॅक्टेट, कोलीन, ग्लुटामिन ही नावं सूज, संसर्ग, उपासमार यांतही वर-खाली होतात हे तुम्हाला पाठ आहे. पत्रकाराशी बोलताना तेवढं एक वाक्य पहिल्यांदा सांगा, शेवटी नको. शेवटचं वाक्य छापलं जात नाही.

माझ्या स्वतःच्या यंत्राबद्दलही एक मागणं आहे. स्पेक्ट्रोस्कोपीची सोय आमच्यासारख्या अनेक केंद्रांतल्या यंत्रांत असते, पण ती धूळ खात पडते. वेळ जातो, रिपोर्ट वाचायला जाणकार मिळत नाही, आणि पेशंटमागे मिनिटं मोजणाऱ्या मालकाला ती परवडत नाही. अमेरिकेत पायरूव्हेटमधल्या कार्बनचा संकेत दहा हजार पटींहून जास्त वाढवून, तो माणसाला टोचून, गाठीत त्याचं लॅक्टेट होताना प्रत्यक्ष पाहतात. प्रोस्टेटच्या रुग्णांवरचा पहिला अभ्यास २०१३ चा. पण तो संकेत मिनिटाभरात विरत जातो, म्हणजे तो वाढवणारं यंत्र स्कॅनरच्या शेजारीच हवं. ते साकीनाक्याला येईल तेव्हा येवो. तोवर जे यंत्र इथे आहे त्याच्यासाठी मेंदूच्या गाठींचा एक ठरावीक, छोटा प्रोटोकॉल बांधून द्या. ठोकळा कुठे ठेवायचा, इको टाइम किती, वर्णपट कितपत चांगला असेल तर वापरायचा आणि कधी सरळ फेकून द्यायचा, हे लिहून द्या. आम्हा टेक्निशियनांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घ्या, तेही सुट्टीच्या दिवशी, कारण रजा मिळत नाही. आणि मेंदूची सूज उतरवायला मॅनिटॉल दिलेल्या रुग्णाच्या वर्णपटात ३.८ वर जे शिखर येतं, ते गाठीचं समजू नका असंही त्यात ठळक लिहा. अशा गोष्टी केसपेपर बघणाऱ्यालाच कळतात, आणि केसपेपर आमच्या हातात असतो.

आमच्या रक्त घेणाऱ्या सहकारी आणि मी मिळून एका पानाची प्रश्नावली तयार केली आहे, मराठीत आणि हिंदीत. शेवटचं खाणं आणि त्याची वेळ, मासळी, तंबाखूचे सहा प्रकार (मिश्रीसकट), कामाच्या जागेचा वास, कामाची पाळी कुठली, चालू गोळ्या, नळीच्या दोन वेळा. विचारून लिहून घ्यायला पाच-सहा मिनिटं लागतात. त्यात शास्त्राच्या दृष्टीनं काय चुकतंय ते तुम्हीच सांगू शकाल. ती कोणत्या विभागात, कुणाच्या नावे पाठवायची तेवढं कळवावं. तुमच्यापैकी कुणी येऊन बघणार असेल तर रविवारी दुपारी यावं. मेट्रोनं या, रिक्षानं येऊ नका.



आपली विश्वासू,
एक एमआरआय टेक्निशियन
साकीनाका, मुंबई